वाळूत जिरणारी नदी

५ जानेवारी, सोमवार

ही वही सूनबाईने दिली. शाळेत शिक्षकांना वाटतात तसली, वर तारीख छापलेली. म्हणाली, "बाबा, रोज चार ओळी लिहीत जा. मनात साठवून ठेवू नका." मी म्हटलं, माझ्या मनात साठायला आहे काय? ती उठली. न्हाणीघरात गेली आणि तिथून खराट्याचा आवाज सुरू झाला.

आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात पाणी साचतं. रोज सकाळी ती ते खराट्याने जाळीकडे लोटते. चाळीस वर्षं मी लोकांच्या न्हाण्यांना पाणी जाईल असा ढाळ दिला, फरश्या बसवल्या, आणि माझ्याच मुलाच्या घरात डबकं! मला काय ते दिसत नाही? पण थापीला हात लावणार नाही म्हणजे नाही. कारण इथे एकदाच लिहून टाकतो. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंकडची न्हाणी मी केली. आठ महिन्यांत खालच्या घराचं छत ओलावलं, आणि एका दुपारी प्लास्टरचा हातभर पोपडा झोपलेल्या म्हातारीच्या उशीशेजारी पडला. वीतभर इकडे पडला असता तर? त्याच दिवशी हत्यारं गोणीत घातली आणि गोणीचं तोंड बांधलं.

मुलगा म्हणतो, "बाबा, सोडा आता ते." अरे, सोडून करायचं काय, तेवढं सांग की.

७ जानेवारी, बुधवार

जेवताना सूनबाई म्हणाली, "शाळेला एक माणूस हवाय. देशाचा मोठा नकाशा करायचाय, सिमेंटचा. डोंगर उंच, मैदानं सखल, आणि पाच मोठ्या नद्या. नद्यांतून खरं पाणी वाहायला हवं." ती भूगोल शिकवते, तिच्या डोक्यात असलंच काहीतरी चालू असतं.

मी म्हटलं, "मूर्तिकार बघा कुणीतरी."

"दोन येऊन गेले. डोंगर झकास करतात. पाणी कुठे वळतं ते कळत नाही त्यांना."

"आणि ते मला कळतं?"

"तुम्हालाच कळतं, बाबा."

मुलगा ताटात बघत बसला होता. दोघांनी आधी ठरवलेलं दिसतंय. मी काय दूधखुळा आहे का? दिवसभर घरात बसून मी चुका काढतो, म्हणून म्हाताऱ्याला दहा ते पाच बाहेर काढायचा बेत आहे. नाही म्हटलं.

९ जानेवारी, शुक्रवार

नुसती जागा बघायला म्हणून गेलो होतो. शाळेचं वाचनालय बैठं आहे, त्यावर सपाट गच्ची, चोवीस फूट बाय अठरा. तिन्ही मजल्यांच्या वर्गांच्या खिडक्या त्या गच्चीकडेच उघडतात. म्हणजे मुलं वर्गात बसून वरून देश बघणार. कल्पना चांगली आहे, नाही कशाला म्हणा. पण खाली वाचनालय! अकरा हजार पुस्तकं! वर पाणी खेळवायचं आणि खाली पुस्तकं ठेवायची, ही हिंमत कुणी केली?

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंनी जबाबदारी लिहून दिलीय. एक थेंब खाली आला तर त्या जबाबदार." त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, उंचीने साडेचार फूट असल्या तरी.

तिथे शाळेचे एक विश्वस्तही होते, इंजिनियर साहेब. नकाशाचा चुरगळलेला कागद माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "पाणीबिणी कशाला? निळा रंग मारा. सहा मार्चला शाळेचा पन्नासावा वाढदिवस आहे, पाहुणे येतील, फोटो काढतील, जातील. फोटोत काय कळतंय?" मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "डॉक्टरीणबाईंकडचं काम तुमचंच ना हो?"

सूनबाई पटकन म्हणाली, "सर, त्याआधीची साडेसहाशे कामंसुद्धा यांचीच."

साडेसहाशे हा आकडा हिला कुणी सांगितला? मी स्वतः कधी कामं मोजली नाहीत.

घरी येताना म्हणालो, "लिहून कशाला दिलंस? नोकरी जाईल तुझी." म्हणाली, "जाईल तर जाईल, गळलं तर ना?" आता नाही म्हणायची सोय ठेवलीच नाही बाईने.

१५ जानेवारी, गुरुवार

गोणीची गाठ सुटेना, शेवटी कापली. थापीला गंज चढलाय. गुपचूप दगडावर घासली. कुणी बघितलं नाही.

आधी गच्ची तपासली. पातळी बघायची पाण्याची नळी लावून चारही कोपरे बघितले, भेगा भरल्या, वॉटरप्रूफिंगचे तीन थर दिले. मग हलक्या विटांवर डोंगर उभे करायला घेतले. सूनबाईचा नकाशा चौकटी पाडून गच्चीवर उतरवला. पाचही नद्या निळ्या रेघेने दाखवल्यात. वर डोंगरात पाच छोटे नळ, खाली चहूबाजूंनी समुद्राची पन्हळ, पन्हळीतलं पाणी पंपाने परत टाकीत. पंप आणि नळ्या बघायला माझ्या जुन्या जोडीदाराला बोलावलंय, प्लंबर आहे. आम्ही त्याला मुका म्हणतो, कारण आजवर तो एकदाही गप्प बसलेला नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

नद्यांची खरी नावं लांबलचक आहेत, आमच्या तोंडात बसत नाहीत. मुक्याने आणि मी आमची नावं ठेवली. सगळ्यांत लांब, मैदानातून डुलत जाणारी ती थोरली. शेजारशेजारून धावणाऱ्या आणि शेवटी नाइलाजाने एक होणाऱ्या त्या दोघी जावा. सगळ्या दक्षिणेला जात असताना एकटी उत्तरेला तोंड करते ती उलटी. आणि पाचवी, डोंगरातून निघून आत रखरखीत भागाकडे जाते, ती धाकटी.

आता शाळेची मुलंही हीच नावं घेतात. सूनबाई डोक्याला हात लावून म्हणाली, "बाबा, परीक्षेत एकाने थोरली लिहिलं!" मी म्हटलं, गुण दे त्याला, बरोबर आहे.

थोरलीवरून मात्र वाजलं. मी तिला न्हाणीचा ढाळ दिला होता, सहा फुटाला इंच. पाणी सुसाट. सूनबाई म्हणाली, "खरी नदी डोंगरातून समुद्रापर्यंत यायला महिना घेते. तुमची अर्ध्या मिनिटात आली."

"नदी आहे की सरकारी कागद? महिना कशाला लागतो?"

तरी ऐकलं. तळ खरबरीत केला, वळणांना आणखी वळणं दिली, ढाळ इतका कमी केला की नळीत धड दिसतही नाही. चाळीस वर्षं पाणी लवकर कसं जाईल ते बघितलं. ते सावकाश जावं म्हणून डोकं चालवायची पहिलीच वेळ. मजा आली, खोटं कशाला बोलू.

२६ जानेवारी, सोमवार

एक गोष्ट लिहायची राहिली. या शाळेचा शिपाई म्हणजे देवमाणूस. मी पाचला निघतो. सकाळी येऊन बघतो तर सगळ्या ओल्या कामावर गोणपाटं नीट अंथरलेली, आणि गोणपाटं चिंब. नव्या सिमेंटवर संध्याकाळी पाणी मारलं नाही तर बारीक तडे जातात, हे त्याला न सांगता कळतं. रविवारीसुद्धा येऊन मारतो! त्याला म्हटलं, "उपकार आहेत तुमचे." तो नुसता हसला.

सूनबाईचे हल्ली जादा तास असतात. सातला येते, साडीचे काठ भिजलेले. शाळेतल्या पोरांनी पाणी उडवलं म्हणते. या वयात शिक्षिकेच्या अंगावर पाणी उडवतात म्हणजे हिचा वर्गावर वचक नाही. बोललो तसं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं फिरलंय! उत्तरेच्या मैदानात, ओल्या सिमेंटमध्ये कुणीतरी पाय दिला. टाचेचा खड्डा, बांगडीएवढा गोल, चांगला खोल. आता वाळून दगड झालाय. मी शिपायावर ओरडलो. तो म्हणाला, "मी वर चढतच नाही हो, गुडघे धरतात माझे." तरी गोणपाटं आपोआप येतात का? चूक झाली तर झाली म्हणावं, त्यात काय!

फोडायला छिन्नी घेतली, तेवढ्यात सूनबाई आली आणि म्हणाली, "राहू द्या बाबा. तिथे एक तळं आहे."

मी नकाशा बघितला. तळंबिळं काही नाही. जी बाई थोरलीच्या एका वळणासाठी माझ्याशी दोन दिवस भांडली, तिला आख्खं खोटं तळं चालतं! आणि वर तोंड फिरवून हसत होती. बायकांचं काही कळत नाही. राहू दिलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज धाकटीला घेतलं. सूनबाईच्या नकाशात तिची रेघ रखरखीत भागात जाऊन मध्येच थांबते. पेन्सिल मोडली असेल नाहीतर शाळेची घंटा झाली असेल. ती वर्गावर होती, विचारायला कशाला जायचं? पाण्याला वाट लागते, एवढं तर कुणालाही कळतं. मी तिथून सरळ पूर्वेच्या समुद्रापर्यंत पाट काढून दिला. छान ढाळ आलाय. मुका म्हणाला, "बघ बाबा, एकदा विचार तरी." मी म्हटलं, जन्मभर बडबड केलीस, आता नळ्या जोड.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिल्यांदा पाणी सोडलं. थोरली, जावा, उलटी, धाकटी, पाचही समुद्राला मिळाल्या! वर खिडक्यांतून मुलं ओरडत होती. इतकं बरं वाटलं, दोन वर्षांत वाटलं नव्हतं. मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या, इंजिनियर साहेबसुद्धा खाली वाकून बघत होते.

सूनबाई धावत वर आली, धाकटीपाशी थांबली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, ही समुद्राला का मिळाली?"

"तुझी रेघ अर्धवट होती. मी पुरी केली."

"ती अर्धवट नव्हती. ती नदी तिथेच संपते. वाळवंटात जाते आणि वाळूत जिरते. समुद्रापर्यंत पोचतच नाही."

मी म्हटलं, "पाणी असं मध्येच संपतं का कुठे?"

इंजिनियर साहेब मोठ्याने हसले. "वा! भूगोलाच्या बाईंच्या घरातच भूगोल कच्चा!" सगळ्यांसमोर. सूनबाई लालबुंद झाली, पण मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक. इंजिनियर साहेबांचं म्हणणं, धाकटीला कोरडीच ठेवा आणि निळा रंग मारा. सूनबाई म्हणाली, "चार नद्या खऱ्या आणि एक खोटी, असा नकाशा मी मुलांना दाखवणार नाही. ती जिरलीच पाहिजे."

"कुठे जिरवणार? खाली पुस्तकं आहेत. गच्चीत पाणी जिरवायचं याला आमच्या भाषेत गळती म्हणतात. आणि त्यात हे अनुभवी आहेतच."

ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी उठलो आणि घरी आलो. माणूस चुकीचं बोलला असता तर भांडलो असतो. बरोबरच बोलला. जन्मभर जे होऊ नये म्हणून राबलो, आणि शेवटी ज्याने माझं नाव घालवलं, तेच मुद्दाम करून दाखवा म्हणतात. मला जमणार नाही. सहा मार्चला पाणी वाहिलं नाही तर सूनबाईचं हसं होणार, तेही माझ्यामुळेच. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणावं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस गेलो नाही. सकाळी सूनबाई चहा घेऊन माझ्यासमोर बसली. वाटलं, आता रागावणार. तर नदीचंच बोलायला लागली.

"बाबा, दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, ही समुद्राला मिळत नाही मग तिचा उपयोग काय? मी सांगते, तिच्या काठावर दोनशे गावं आहेत. फळबागा आहेत, गुरं आहेत. ती सगळी तिच्याच पाण्यावर. शेवटी वाळूत थांबली म्हणून आधीची दोनशे गावं खोटी ठरतात का?"

नदीबद्दल इतकं बोलताना हिचे डोळे कशाला भरून यावेत? शिकवण्यावर फार जीव आहे तिचा.

काय झालं कुणास ठाऊक, मी तिला ते सांगून टाकलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. न्हाणी झाली की जाळी बंद करून पाणी भरून ठेवायचं असतं, सात दिवस. सात दिवसांत कुठे ओल फुटली नाही तरच काम पास. डॉक्टरीणबाईंकडे मी तिसऱ्या दिवशी पाणी काढलं. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते, त्यांनी घाई केली, आणि मला नाही म्हणता आलं नाही. लोक म्हणतात ढाळ चुकला. ढाळ नव्हता चुकला. मी चुकलो.

सूनबाईने कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बरं. या वेळी सात दिवस ठेवू."

बस्स, एवढंच. चहा गार झाला होता, तो मी तसाच पिऊन टाकला आणि पायात चपला घातल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस लिहायला फुरसत नाही. गळतीत आणि जिरण्यात फरक काय, तर गळती आपल्याला न विचारता जाते. धाकटी मी सांगेन तिथेच जिरणार. मी आणि मुक्याने पूर्वेचा पाट बुजवला. वाळवंटाचा भाग मुळातच गच्चीपासून फूटभर उंच आहे. तो पोखरून आत हौद केला, पाच फूट बाय तीन, वीतभर खोल. त्याला जाळीकडे ढाळ, जाळीतून नळी, नळी लपूनछपून समुद्राच्या पन्हळीत. कोपरे हाताने गोल केले, तीनदा थर दिला. खरं सांगतो, अशी न्हाणी मी राजवाड्यातसुद्धा केली नसती. वर दगडगोटे, मग भरड वाळू, मग बारीक वाळू. वरून बघणाऱ्याला नुसतं वाळवंट.

वाळू नंतर. आधी उद्या जाळी बंद करून पाणी भरणार. मंगळवार ते मंगळवार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजिनियर साहेब आले. उद्या प्रमुख पाहुण्यांचा माणूस बघायला येणार आहे, म्हणून पाणी काढा, वाळू भरा, नदी चालू करून दाखवा.

"मंगळवारी काढतो," मी म्हटलं.

"अहो चार दिवस झालेत! कुठे टिपूस नाही. पाहुण्यांना काय सांगू?"

डॉक्टरीणबाईंकडेही याच शब्दाने घात केला होता. या वेळी तोंडातून निघालं, "सात म्हणजे सात. त्यांना सांगा, फरशीवाला ऐकत नाही." जन्मात कुठल्या साहेबाला इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. मुका चक्क गप्प झाला, मोजून एक मिनिट.

साहेब तणतणत मोठ्या बाईंकडे गेले. खिडकीतून साडेचार फुटांचा आवाज आला, "त्यांनी सात म्हटलंय ना? मग सात."

३ मार्च, मंगळवार

सात दिवस पुरे. वाचनालयात खुर्चीवर चढून छताला हात लावला, गाल लावला. कोरडं. पाणी काढलं.

४ मार्च, बुधवार

घात झाला. वाळू भरली, धाकटी सोडली, आणि वाळवंटात मोठं डबकं झालं. पाणी जिरेचना! आमच्या न्हाणीघराचा कोपरा जसाच्या तसा. मुका म्हणतो वाळूत माती आहे, ती कणांमधल्या बारीक फटी बुजवते. ती सगळी काढून, चाळून, सात-आठ पाण्यांनी धुवायला हवी. गाडीभर नाही, पण वीस-बावीस घमेली आहेत. कमरेत उसण भरलीय, वाकताच येत नाही. आता उरलाय एक दिवस. चारला घरी आलो आणि पडून राहिलो. सूनबाईला म्हटलं, "चुकलं गं." ती म्हणाली, "पडा तुम्ही. मला शाळेत थोडं काम आहे." मुलालाही बरोबर घेऊन गेली. सासऱ्याची कंबर मोडलीय आणि यांना कामं सुचतात!

५ मार्च, गुरुवार

सकाळी गच्चीवर गेलो आणि बघतच राहिलो. बावीस घमेली वाळू, धुतलेली, चाळलेली, ताडपत्रीवर पसरून वाळत घातलेली. भरड वेगळी, बारीक वेगळी. पाणी घालून बघितलं तर नितळ. शिपाई! या माणसाचे पाय धरायला हवेत.

घरी मुलगा दोन्ही हातांना तेल चोळत बसला होता. म्हणे सायकल दुरुस्त केली. याच्याकडे सायकल कुठे आहे?

दुपारी वाळू भरली. पाणी सोडलं. वाळू काळी झाली, ओली झाली, आणि पाणी दिसेनासं झालं. मी सहा वेळा सोडून बघितलं. सहाही वेळा गेलं.

६ मार्च, शुक्रवार

झालं! झालं एकदाचं!

तिन्ही मजल्यांच्या खिडक्या मुलांनी भरलेल्या. मोठ्या बाईंनी पाहुण्यांना नळ दाखवले, तर पाहुणे म्हणाले, ज्याने केलं त्यानेच सोडावं. मी इस्त्रीचा सदरा घालून चार नळ एकामागून एक उघडले. दोघी जावा पहिल्या पोचल्या, भांडत भांडत, वर पहिल्या मजल्याने कल्ला केला. उलटी उत्तरेला गेली. थोरलीला पोचायला पुरी एकवीस मिनिटं लागली आणि मुलं शेवटची वळणं मोजत होती, "सात... सहा... पाच..." समुद्राला लागली तेव्हा असा आरडाओरडा झाला की खालच्या झाडावरचे कावळे उडाले.

मग धाकटी सोडली. डोंगरातून उतरली, सूनबाईच्या वर्गातल्या मुलांनी काठावर मांडलेल्या इवल्या इवल्या गावांमधून गेली, वाळूपाशी आली. खिडक्यांतली मुलं पुढे वाकली. वाळू काळी पडत गेली, पाण्याचं बोट पुढे आलं, आणखी बारीक झालं, आणि गेलं. पाणी मागून येतच होतं आणि वाळूत जातच होतं. वरून एक मुलगी किंचाळली, "जिरली!" आणि आख्खी शाळा टाळ्या वाजवायला लागली. थोरलीलासुद्धा एवढ्या टाळ्या नव्हत्या.

इंजिनियर साहेब मात्र खाली वाचनालयात गेले. मीही मागोमाग गेलो. ते बरोबर वाळवंटाखाली खुर्ची ठेवून चढले. खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढला आणि छताला दाबून धरला. चांगला वेळ धरला. मग रुमाल उलटसुलट बघितला, माझ्या हातात दिला. कोरडा ठणठणीत.

खुर्चीवरून उतरत म्हणाले, "आमच्या घरची गच्ची एकदा बघाल का?"

मी म्हटलं, "बघेन. पण सात दिवस पाणी भरून ठेवावं लागेल."

"ठेवा हो. पंधरा ठेवा."

शेवटी मला दोन शब्द बोलायला लावले. मी म्हटलं, हे काम शिपाईभाऊंमुळे उभं राहिलं, रोज संध्याकाळी त्यांनीच पाणी मारलं, परवा वाळू धुतली. शिपाई गोंधळून म्हणाला, "मी? मी तर साडेपाचलाच घरी जातो." किती हा नम्रपणा! सूनबाई मान खाली घालून उभी होती आणि मुका पहिल्यांदाच तोंडावर हात धरून बसला होता. मी पुन्हा जोरात टाळ्या वाजवायला लावल्या.

८ मार्च, रविवार

सकाळी खराट्याचा आवाज ऐकला आणि सूनबाईला म्हटलं, "हो बाजूला. आज हा कोपरा फोडतो." ती बाजारात गेली. मी सामान बाहेर काढायला लागलो, बादल्या, पाट, दाराआडच्या तिच्या जुन्या चपला.

एका चपलेच्या टाचेला सिमेंट चिकटलेलं. बांगडीएवढं गोल. अंगठ्यात गोणपाटाचा सुतळीचा धागा अडकलेला. मी ती चप्पल हातात घेऊन पालथ्या बादलीवर बसलो. तळं. जादा तास. साडीचे भिजलेले काठ. मुलाची सायकल. माझी साडेसहाशे कामं मोजणारीही हीच. मी एवढा गाढव कसा?

ती आली आणि दारात थांबली. "काय झालं, बाबा?"

"काही नाही. काम संपून वर सात दिवस पाणी ठेवेपर्यंत तुम्हाला शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागेल."

"जाऊ."

"आणि इथे पाणी मी मारणार. तू ओल्यात पाय देतेस."

तिने माझ्या हातातली चप्पल बघितली. तोंडाला पदर लावला, हसायला लागली, आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. मला पण आवरलं नाही. म्हटलं, "पोरी, तू मला सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात?"

नसतो आलो.

१९ मार्च, गुरुवार

पाणी भरल्याला आज सात दिवस झाले. खालच्या घरात जाऊन छत बघून आलो. कोरडं. त्यांनी चहा दिला.

वर येऊन जाळी उघडली. सूनबाई सवयीने खराटा घेऊन दारात उभी राहिली. पाणी कोपऱ्यातून निघालं, भिंतीकडून निघालं, सगळं जाळीकडे गेलं. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. लोटायला काहीच उरलं नव्हतं.